भिंतीला पाणी

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी भिंतीला पाणी मारलं. आमचं जोडीनं झालेलं शेवटचं काम तेच.

पिंपरीला कारखान्याच्या कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यातल्या एका ओळीचं काम माझ्याकडे होतं. दिवसभरात उठवलेली भिंत उन्हानं तापली होती. सिमेंटचं काम ओलं ठेवलं नाही तर ते नुसतं वाळतं, धरत नाही. माझी बायको पारू बादली घेऊन पुढं, मी डबा घेऊन मागं. मी वरनं भसाभस ओतायला लागलो तशी म्हणाली, "अवं, म्हस धुताय का? खालनं शिंपडा. सांधं धुवून न्याल सगळं."

मी म्हणालो, "गवंडी मी हाय का तू?"

"गवंडी तुमीच. पण पानी माझं हाय," म्हणाली आणि डबा हातातनं काढून घेतला. मग घरी आलो, भाकरी खाल्ली, झोपलो. बास. यापरता काही बोललो नाही.

सकाळी चूल पेटवता पेटवता छातीला हात लावून खाली बसली. ती बसली ती बसलीच.

हे मी गावाकडच्या भावकीसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखी जी माणसं गाव सोडून या माळावर आली त्यांच्यासाठी. मी चार बुकं शिकलेला. गोड लिहिता येत नाही आणि आता गोड लिहायची इच्छाही नाही. पारूच्या मौतीला जमलेली माणसं बघून जी शिसारी आली ती अजून घशात आहे.

गाव सोडलं तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. माणदेशात दगडमातीची घरं बांधणारा मी. पण दुष्काळात घर बांधून घेणारं गावात कुणी उरलं नव्हतं; ज्याला हातपाय होते तो बाहेर पडत होता. मीही थापी, ओळंबा, गुण्या, सगळी हत्यारं पोत्यात गुंडाळली. पारूनं धडुत्यात वरवंटा बांधला. पाटा जड, तो राहिला. मी म्हणालो, "पाट्याबिगर वरवंटा काय कामाचा?" तर म्हणाली, "पाटा कुठंबी घावतो. हाताला बसलेला वरवंटा घावत न्हाई." आई मोटारीच्या फाट्यापर्यंत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या भिंती बांधशील, सावली तुला मिळायची न्हाई." मला राग आला होता. आता आई नाही, पारू नाही, राग कुणावर धरू?

इथं आलो तर सगळीकडे खणलेलं. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांची छावणी एकीकडे, कारखान्यांचे पाये दुसरीकडे, मध्ये बाभळी. पुण्याच्या एका मोठ्या ठेकेदाराकडे आम्ही दोघं लागलो. मी गवंडी, ती पाणी वाहायला. त्या माणसाचं नावसुद्धा लिहावंसं वाटत नाही. सरकारी परमिटावर आलेलं सिमेंट पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर. मालात माती इतकी की थापीला गावाकडचा वास यायचा. कारखान्याचा ओव्हरसियर तेवढ्यापुरता टोपी काढून डोकं पुसत बसायचा, म्हणजे डोळे झाकले जातात. एक बाई पाटी घेऊन परांचीवरनं पडली, तर ठेकेदार म्हणतो कसा, "दुसरी घ्या, उजेड जातोय." मी म्हणालो, या माणसाच्या हाताखाली मरण्यापेक्षा आपलं आपण काम घेऊ.

काम घेणं सोपं होतं. ते चालवणं मला येत नव्हतं. गवंड्याला भिंत कळते. पुढच्या महिन्यात भिंतीवर कोण उभं असेल हे कळत नाही. मी काय केलं, सगळी टोळी गावाकडनं आणली. भावकीच. चुलतभाऊ सिरपती पुढारी. आपली माणसं, आपल्याला सोडून जाणार नाहीत. आपल्याकडचा कुणीही हेच करील.

चैत्रात स्लॅब टाकायचा ठरला. फळ्या ठोकल्या, सळया बांधल्या, खडी आली. आणि गावच्या भैरोबाची जत्रा आली. आदल्या दिवशी सगळ्यांनी नारळ घेतले, मुंडाशी बांधली. मी हात जोडले. सिरपती म्हणाला, "दादा, देवाला न्हाई कसं म्हनायचं? स्लॅब काय पळून जातोय?"

स्लॅब पळून गेला नाही, काम गेलं. ओव्हरसियर मोकळ्या फळ्यांवर उभा राहून मला विचारतो, "मिस्त्री, तुमचं प्लॅनिंग काय?" मला तो शब्दच माहीत नव्हता. माझ्या फळ्यांवर दुसऱ्यानं स्लॅब टाकला. जत्रेवरनं टोळी आली ती गुलाल लावून, प्रसाद घेऊन. सिरपती हसत म्हणाला, "तुझ्या नावाचाबी नारळ फोडला रं." तो खोबऱ्याचा तुकडा मी कुत्र्याला टाकला.

 पारू चाकणच्या बाजाराला जायची, कांदे घ्यायला. तिथं आसपासच्या गावांच्या बाया भेटायच्या. एकदा बाजारातनं आली आणि कांदे ओतता ओतता म्हणाली, "कुरुळीची जत्रा आपल्या जत्रंला न्हाई. निघोज्याची त्याच्याबी म्हागनं. रावेतची मानसं नदीकाठची, त्येंची सुगी येगळी."

"मग मी काय करू? नारळ इकू?"

"एका गावची टोळी म्हंजी एका खुट्याला बांधलेली गुरं. खुटा उपटला की समदी गेली. थोडी आपली ठेवा, थोडी कुरुळीची, थोडी निघोज्याची, थोडी रावेतची. एक गाव देवाला गेलं तर बाकीची कामावर ऱ्हातील."

मी म्हणालो, भावकी काय म्हणेल? ती म्हणाली, "भावकी म्हनंल ते म्हनंल. स्लॅब तर पडंल."

एवढंच. यालाच ती शिकलेली माणसं प्लॅनिंग म्हणत असतील तर म्हणोत. आम्ही तसं केलं आणि आमचं काम कधी थांबलं नाही. कुरुळीचा धोंडिबा गवंडी आला, त्याची बायको गोदा पारूच्या हाताखाली पाण्याला. पेरणीला एक गाव गेलं की दुसरं यायचं. ओव्हरसियर मला मिस्त्रीचं शेठ म्हणायला लागला. आणि भावकी? गावात बोभाटा केला की दादा शहराचा झाला, परक्यांना घास देतो, रक्ताला विसरला. हे बोलणारे कोण, तर चैत्रात माझ्या फळ्या उघड्या टाकून गेलेले. परक्यांच्या जिवावर मिळालेल्या कामावर तेही जगतच होते.

आता त्या दिवसाचं सांगतो.

पवनेच्या काठी पारूला नेलं. आम्हाला पोर नाही, अग्नी मीच दिला. चिता धड पेटली नव्हती तोवर सिरपती कानाशी आला. "दादा, आता काय ऱ्हायलंय तुझं हितं? गावाकडं चल. कामाचं मी बघतो." कामाचं मी बघतो! राखसुद्धा व्हायची होती अजून. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणीही होतं. त्याचीच जास्त किळस आली. नुसता लबाड असता तर लाथ घातली असती.

मागं ओव्हरसियर उभा. टोपी काढलेली. म्हणाला, "फार वाईट झालं, शेठ. स्लॅबची तारीख तेवढी पुढं जाऊ देऊ नका." मी मान हलवली. माझी मान हलली याचीही मला किळस आली.

घरी आलो. भावकीनं सुतक धरलं. सगळ्यांचं कूळ एक, म्हणजे भावकीची सगळी टोळी दहा दिवस हात बांधून बसणार. कामाला शिवायचं नाही. ओसरीवर विड्या ओढत सिरपती सगळ्यांना सांगत होता, "सुतकात थापी धरली तर भिंत खचती." रात्रभर माझ्या डोळ्यासमोर भिंत. काल तिनं भिजवलेली. आज दिवसभर ऊन पिऊन करकरीत झाली असेल. तिचं काम एका दिवसात वाया गेलं असेल. आणि खरं सांगू? मला तसंच हवं होतं. वाटत होतं, भिंत तडकू दे. ओळ पडू दे. ओव्हरसियर बोंबलू दे. पारू गेली याची कुठंतरी खूण उठू दे. एवढी बाई जाते आणि या माळावरचा एक दगड हलत नाही, असं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली आणि डबा घेऊन निघालो. सिरपती आडवा आला, "दादा, सुतक हाय!" मी म्हणालो, "व्हय. माझं हाय. तू ईडी वढ."

भिंतीजवळ गेलो तर गोदा उभी. हातात डबा. भिंत तळापासून माथ्यापर्यंत काळीशार, ओली. खालनं शिंपडलेली; सांधा एक धुतला गेला नव्हता. पलीकडं धोंडिबा आणि निघोज्याची माणसं पुढची भिंत उठवत होती. गोदा पदर सावरत म्हणाली, "दादा, कालबी दोनदा मारलं. वयनींनी सांगून ठेवल्यालं, भिंत तहानलेली ठेवायची न्हाई. तुमाला सुतक. आमाला न्हाई. तुमी बसा."

पारूनं बसवलेली घडी पारूसाठीही थांबली नव्हती. तिनंच ती तशी बसवली होती. एक खुटा उपटला, बाकीचे उभे होते. मला त्या कामाची, त्या माळाची, माझ्या शेठपणाची अशी शिसारी आली की तिथंच थुंकलो. 

भावकीनं विचारलंय, घरी कधी येतोस. पाटा तिकडं आहे, वरवंटा इकडं. इथं तिनं पायाच्या दगडांतनं निवडलेला पाटा आहे, त्याला तिच्या हाताचा खळगा पडलाय. तो उचलून कुठं नेऊ? माझं घर काय ते एवढंच, आणि ते जड आहे.

त्या सकाळी मी बसलो नाही. बादली भरून आणली. भिंत ओली होती, तरी तिला पाणी मारलं. खालनं.