कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरी एखादं स्थळ सांगून आलं की चौकशीला निम्मी भावकी उठते. बारावीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता, एक जळगावला आणि एक धुळ्याला. तेव्हाही घरच्यांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. "मोबाईलवर देखीसन पोर देतस का कोनी?" असं थोरले काका, म्हणजे आमचे नाना, म्हणाले आणि विषय संपला. नाना, माझे वडील आबा, माझी लग्न झालेली अक्का, तिच्या कडेवरचं तान्हं आणि मी, असे पारोळ्याहून भाड्याची गाडी करून निघालो. मला नुसतं हसू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बघायला जाणाऱ्यांच्या गाडीत बसले होते.

जळगावला उपयोजित गणित होतं आणि राहायला होस्टेल. नानांनी विभागप्रमुखांसमोर बसून थेट मुद्द्याला हात घातला. "होस्टेलमा पानी बठ्ठा दिन येस का?" पाणी दिवसभर येतं असं कळल्यावर भिंतीला ओल आहे का, मेसमध्ये भाकरी मिळते का. सर बिचारे सरळपणे उत्तरं देत गेले. मी मात्र दारातून शेजारच्या वर्गात डोकावत होते. एक मुलगी फळ्यावर गणित मांडत होती. सावद्याहून केळीचे ट्रक निघालेत, कुठला कुठल्या बाजाराला पाठवला तर कमीत कमी माल सडेल? बारावीपर्यंत मी क्षची किंमत काढत आले, पण हा क्ष कोण, कुठला, ते कुणी सांगितलं नव्हतं. इथे तो चक्क सावद्याचा निघाला. मी वेडीच झाले. परतीच्या वाटेवर अक्काला तो फळा इतक्यांदा सांगितला की बाळ झोपलं तरी मी बोलतच होते. जळगावच्या सरांचं गाव विदर्भात, एवढं एकच नानांच्या लक्षात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुळे. तिथे साधं गणित होतं, आणि घरून रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं होतं. कॉलेज चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण नानांनी सरांना "तुमनं गाव कोनतं?" विचारलं आणि घात झाला. सर नरडाण्याजवळचे. नानांची सासुरवाडी नरडाणा. चहा येईपर्यंत दोघांचं नातं लागलं, चहा संपेपर्यंत सर नानांचे मेहुणे झाले होते. अभ्यासक्रमाचं कुणी नावही काढलं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर नाना म्हणाले, "आते दुसरं काय देखानं? आपला मानूस शे. धुळं पक्कं." आबांनी मान हलवली आणि पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. दोन दिवस मी हवेत होते, पण बघायला कुणीही जावो, ठरवणार नानाच, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

"नाना," अक्का म्हणाली, "पोरले कोनी इचारं का?"

"तिले काय इचारानं?" नानांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याच ओट्यावर असेच पेढे वाटले गेले होते आणि ती आत चहाचे कप विसळत होती. हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि रडू आलं, हसूही आलं. तिने बाळ नानांच्या हातात दिलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुले कोनतं पसंत शे?"

"जळगाव," मी म्हटलं.

आबा डब्याचं झाकण अर्धं उघडून थांबले. नाना रस्त्याकडे बघू लागले. अक्का हसली. तिला उत्तर नीट ऐकू आलं होतं, तरी तिने आणखी एकदा विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश. मीही पुन्हा सांगितलं.