सोमवारचा फॉर्म

भाऊराव ठेंगरी यांनी एकतीस वर्षं भिलाईच्या रेल्वे यार्डात मालगाड्या तपासल्या. हातात हातोडी, खिशात खडू. चाकावर ठोका मारायचा, आवाज बद्द आला की डब्यावर ‘सिक’, म्हणजे आजारी, लिहायचं. मग साहेब कितीही ओरडो, तो डबा गाडीला लागायचा नाही. रिटायर होऊन त्यांनी भिलाईतच, कोहक्यात घर बांधलं, वर्षभरात बायको गेली, आणि सहासष्टाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशननंतर रायपूरच्या एका दवाखान्यात केमो सुरू झाली. तिथल्या कौशल्या सिस्टरनं सांगितलं, की दर सोमवारी मोबाइलवर फॉर्म येईल. आठवडा कसा गेला ते भरायचं, म्हणजे डॉक्टरांना घरबसल्या कळेल. भाऊरावांचा मोबाइल बटणांचा. म्हणून लिंक सुनेच्या, नीरजाच्या फोनवर येऊ लागली.

मुलगा पराग कुम्हारीच्या कारखान्यात निघून गेला, की नीरजा पलंगाशी स्टूल ओढून बसे. फॉर्म हिंदीत. ती विचारायची, ते उत्तर द्यायचे.

“दर्द?”

“नाई.”

“जुलाब?”

“नाई.”

“हातापायाले मुंग्या?”

“नाई म्हनलं ना! लिव, सब ठीक.”

एकही उत्तर खरं नव्हतं. जुलाब तर असे होते, की घर जागं व्हायच्या आत ते स्वतःची चादर मोरीत खळबळून टाकायचे. पण जिला सून म्हणून घरात आणली, तिच्या तोंडाकडे पाहून हे कसं सांगायचं? आणि तिनं परागच्या कानावर घातलं, तर तो कामावर सुट्ट्या टाकत बसणार. तिकडे दवाखान्यात सगळं चांगलं दिसत होतं. पाचव्या केमोचा डोसही पुरा दिला गेला.

मे महिन्यात एका दुपारी ते गच्चीवरचे कपडे काढायला गेले. खाली उतरले तशी नीरजा किंचाळली. फरशीवर रक्ताळलेली पावलं उमटली होती. चप्पल घालायची राहून गेली होती. तापलेल्या सिमेंटवर दोन्ही तळवे भाजून फोड फुटले, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पट्टी बांधता बांधता तिनं विचारलं, “बाबा, पाय कधीपासून असे बधिर झाले?”

“दोन महिने झाले असतील.”

“अन् मी दर सोमवारी विचारून राहिली तुमाले! कावून नाई सांगितलं?”

भाऊरावांनी पाय मागे ओढून घेतला. मग म्हणाले, “तुले सांगाची लाज वाटते, बाई.”

नीरजानं उरलेली पट्टी बांधली. पुढच्या सोमवारी तिनं फॉर्म उघडून फोन त्यांच्या हातात दिला, कुठं बोट लावायचं ते दाखवलं. “तुमीच भरा. मी गच्चीवर हाय. नंतर पाहनार पन नाई.”

चौदा प्रश्नांना चाळीस मिनिटं लागली. एक एक गोष्ट खरी खरी भरत गेले. एका प्रश्नापाशी मात्र अंगठा अडला: ‘क्या आपको लगता है कि आप परिवार पर बोझ हैं?’ शेवटी त्यांनी ‘बहुत ज़्यादा’वर बोट टेकवलं आणि फोन उशाशी पालथा घातला.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरचा फोन आला. औषध बदललं, डोस कमी झाला, जुलाब आटोक्यात आले. पण केमोनं बधिर झालेल्या पायांबद्दल डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. वेळेत कळलं असतं तर काही करता आलं असतं, एवढंच म्हणाले.

सप्टेंबरच्या तपासणीत आजार लिव्हरपर्यंत पोचलेला निघाला. केमो थांबली. आता फक्त दुखणं सुसह्य करायचं होतं, त्यासाठी फॉर्म येतच राहिला. दिवाळीनंतर बोटंही बधिर झाली, फोन हातातून निसटू लागला. एका सोमवारी त्यांनी आपणहून हाक मारली, “नीरजा, ये. तूच वाच आता.”

ती वाचत गेली. तिची नजर फोनवर, त्यांची भिंतीवर. दुखणं, उलट्या, कपडे खराब होणं, सगळं त्यांनी सांगितलं. बोझचा प्रश्न नीरजानं भरभर वाचून टाकला.

“हाव,” ते म्हणाले. “जे हाय ते लिव.”

तिनं लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, गेला आठवडा एकंदर कसा गेला. एक म्हणजे अगदी वाईट, सात म्हणजे उत्तम.

“तीन.”

“तीन?” तिला ‘एक’ अपेक्षित होतं.

“पराग रोज लवकर घरी येऊन राहिला ना.”

गुरुवारी दुपारी, पराग कुम्हारीहून पोचायच्या आत, भाऊराव गेले.