डालगार्नांची ढाल

जानेवारीत वडील गेले तेव्हा जमीन दगडासारखी गोठली होती. शवपेटी चर्चच्या घंटाघरात ठेवली. हिवाळ्यात गेलेले सगळेच तिथे थांबतात, बर्फ वितळेपर्यंत. हेडविगला तेवढाच आधार वाटला. तोवर आर्विद येईल.

आर्विद तिचा धाकटा भाऊ, नॉर्वेच्या मोहिमेवर गेलेला. राजा लढाईत पडला, सैन्य डोंगरातून माघारी फिरलं, वादळात सापडलं. पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं.

घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या पेटीवर घराण्याची ढाल फोडतात. वडिलांच्या पेटीवर ती फोडली, की आर्विदही मेला असं कबूल केल्यासारखंच.

पणजोबा डालगार्न स्कॉटलंडहून आले ते भाडोत्री शिपाई म्हणून. अंगावर एक सदरा, भाषेचा गंध नाही. परक्या राजासाठी तीस वर्षं लढले, तेव्हा सरदारकी मिळाली आणि ही ढाल. निळ्यावर तीन मासे. शेजारचे सरदार अजून म्हणत, "आले मासेवाले." वडील हसत. "त्यांच्या ढालीवर सिंह आहे. पाहिलाय का कुणी सिंह?"

एप्रिलात नील्स परतला. हेडविगच्या घरच्याच जमिनीवरचं कूळ, आर्विदच्याच तुकडीतला. डाव्या हाताला बोटं उरली नव्हती.

"आर्विदला पाहिलंस?"

"पाहिलं, ताईसाहेब. बसले होते. दगडाला टेकून."

"बसला होता म्हणजे जिवंत होता."

"मी हाक मारली."

"मग?"

"वारा फार होता."

"मग ऐकू गेलं नसेल त्याला!"

"नसेल, ताईसाहेब."

ती तशीच पाद्रीबुवांकडे धावली.

"अगं पोरी, बर्फ गेला. घंटाघरात आता वास मारतोय," ते म्हणाले. "रविवारी पुरायलाच हवं."

"पुरा. पण ढाल फोडू नका."

"मग नील्सला सगळ्यांसमोर शपथ घेऊ दे. जिवंत पाहिला म्हणून."

तिनं नील्सचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो हो म्हणाला.

रविवारी अख्खं गाव जमलं. नील्सनं बायबलवर हात ठेवला, आणि उचलला. हेडविगजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर घेतो शपथ. नरकात गेलो तरी चालेल. पण ताईसाहेब, त्यांच्या तोंडावर बर्फ पडत होता. वितळत नव्हता."

 

"जा, बस तू," ती म्हणाली.

मग पाद्रीबुवांकडे वळली. "फोडा."

ढाल ओकच्या लाकडाची. म्हातारे पाद्री, हातोड्याचे दोन घाव बसले, नुसता रंग उडाला. हेडविग पुढे झाली. पेटीवर वाकून तिनं ढाल दोन्ही हातांनी दाबून धरली.

"बाजूला हो, बोटं जातील."

"जोरात मारा," ती म्हणाली.