सायकलीला गंज लागू नये म्हणून

सायकलीला गंज लागू नये म्हणून मी एवढं केलं, की पाहणाऱ्याला वाटावं, घरात तान्हं मूल आहे.

सायकल बायकोची. लेडीज, साताऱ्याहून माहेरची आणलेली. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नवी मुंबईत, सानपाड्यात फ्लॅट घेतला आणि तिला जवळच्या पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. बस यायची तेव्हा यायची. मग ती सायकलनं जाऊ लागली, पदर खोचून, डबा हँडलला अडकवून.

आठवडाभरच. मग सोसायटीच्या गेटापाशी एका शेजाऱ्यानं मला गाठलं. "काय साहेब, वहिनी सायकलवर आणि तुमी पायी? डबलसीट नाय घेत काय तुमाला?" सगळे हसले. मीही हसलो. फार मोकळा माणूस मी.

आणि त्याच संध्याकाळी मला खाडीच्या हवेची काळजी वाटू लागली.

"इथली हवा खारी आहे, फ्रेम खाऊन टाकेल," मी बायकोला म्हणालो.

"अहो, मी रोज पुसते की."

"पुसून काय होतं?" जन्मभर फायलींखेरीज कशाला हात न लावलेला मी लोखंडावर असा बोललो, की पुसायचं फडकं तिनं माझ्याच हाती दिलं.

फ्रेम रॉकेलनं पुसली. खोबरेल चोळलं, सांध्यांत ग्रीस भरलं. त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टिक, वरून सुतळी. सायकल गॅलरीत उभी केली. सीट मात्र दांड्यासकट काढून कपाटावर ठेवली. रेक्झिन फाटेल म्हणून, असं सांगितलं. बिनसीटच्या सायकलीवर कुणी बसत नाही, एवढं लोखंडशास्त्र मला येत होतं.

पावसाळा संपला की काढू, म्हणालो. संपल्यावर दव आलं. मग ऊन, त्यानं रंग उडतो. सायकलीचे शत्रू मला बारा महिने सापडत राहिले. ती बसची वाट बघायची, कंटाळून चालत सुटायची, उशिरा पोचायची. साहेबांनी दोनदा बजावलं आणि दुसऱ्या वर्षी नोकरी गेली.

"जाऊ दे, तुझी दगदग वाचली," असं मी म्हणालो. त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं होतं मी.

आणखी दोन पावसाळ्यांनी, दिवाळीच्या साफसफाईत, तिनं सुतळी कापली. गोणपाट आतून काळं, ओलं. सीट काढल्यावर नळीचं तोंड उघडंच राहिलं होतं. गॅलरीत येणारं पावसाचं पाणी प्लास्टिकच्या घड्यांतून तिथं झिरपत राहिलं आणि खाली, पेडलपाशी, साचलं. तिनं तिथं अंगठा दाबला. पत्रा पापडासारखा मोडला, अंगठा आत गेला. वरून फ्रेमचा रंग मात्र नवाकोरा. खोबरेल चांगलं होतं.

अंगठा साडीला पुसत ती म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे."

कशातून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. "नवी घेऊ आपण," एवढंच म्हणालो.

"आता कशाला? कुठं जायचंय मला?" म्हणत तिनं केर भरायला घेतला.

गेटापाशी ऐकलेलं ते वाक्य मी तिला आजवर सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, तेही ती माझं लिहिलेलं वाचत नाही म्हणून.