परत आलेलं मीठ

मीठ मी स्वतः विकत घेतलं होतं. पनवेलच्या बाजारात, कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत एक वाण्याचं दुकान होतं, तिथून. जाडं मीठ, दोन किलो. वाण्याने पिशवीला गाठ मारता मारता विचारलं, "लोणच्याला का?" कार्तिक महिन्यात कोणी लोणचं घालत नाही हे त्यालाही माहीत असणार. मी हो म्हटलं. लहान मुलाच्या मातीत मीठ घालतात हे आईने मला तासाभरापूर्वी सांगितलं होतं. तोवर मला ते ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी आमची मुलगी गेली होती. गेली म्हणायचं की आलीच नाही म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सातवा महिना सरत आला होता. पोटात हालचाल लागत नाही म्हणून बायकोला प्रसूतिगृहात नेलं. सोनोग्राफी झाली, कळा यायचं औषध दिलं, आणि बाळ आलं ते रडलं नाही. वजन विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, "आता वजन कशाला?" मी म्हटलं, करा. एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम भरलं.

मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. लग्न उशिरा झालेलं, पहिलंच मूल. नोकरी उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर गोदामात, माल तपासण्याची. कागदावरचा सीलचा नंबर आणि दारावरचा सीलचा नंबर जुळला नाही तर कंटेनर उघडायचा नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. असं काम वर्षानुवर्षं केलं की माणसाला घरातही जुळवून बघायची सवय लागते. मला ती लागलेली होती आणि तिची मला लाज नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही त्रास घेऊ नका. पुढचं आमची माणसं बघतील."

"बघतील म्हणजे काय करतील?"

"तशी सोय असते. गाडी येते."

"गाडी कुठे जाते?"

त्यांनी बेल वाजवून आयाला बोलावलं. आदल्या दिवशी प्रसूतिगृहामागच्या बोळात पिवळ्या पिशव्यांचा ढीग मी पाहिला होता. गाडी कशाची येते ते मला कळलं. मी म्हटलं, बाळ आम्ही नेणार.

आयाने बायकोच्याच जुन्या हिरव्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून बाळ आणलं. मी म्हटलं, उघडा. ती म्हणाली, "बापानं बघू नये, साहेब." त्या मजल्यावर आणखी दोन बायका होत्या आणि कोणाचं काय झालं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बघितल्याशिवाय नेणार नाही म्हणालो. तिने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. केस भरपूर होते. उजव्या कानाची कड वरून किंचित दुमडलेली होती, माझ्या आईची आहे तशीच. आमचीच होती. मी कापड परत घातलं.

आता प्रश्न आला, नेणार कोण. आई म्हणाली, "पहिल्या अपत्याच्या मातीला बाप जात नाही. आपल्याकडे ती रीत नाही." मला भाऊ नाही. तेव्हा राहिला मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. उरणच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव, कोळ्यांचं घर, स्वतःची होडी. आमचं लग्न दोन्ही घरांनी नाइलाजाने मान्य केलेलं. आई अजून त्यांचा उल्लेख "ती माणसं" असाच करायची.

तो एसटीने आला. आधी बहिणीला भेटायला आत गेला आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ दोघं आत होती. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दिली, माझ्या स्कूटरची किल्ली दिली, मीठ डिकीत ठेवलं. सांगितलं, नगरपालिकेच्या स्मशानात मागच्या कुंपणाशी लहान मुलांची जागा आहे, तिथल्या माणसाला चिठ्ठी दाखवा, पावती घ्या.

"बरं, दाजी."

"सोबत कोणाला पाठवू?"

"नको. मी एकटाच जातो."

त्याने बाळ छातीशी धरलं, वरून आपल्या खांद्यावरचा पंचा करकचून बांधला आणि स्कूटर सुरू केली.

स्मशान जवळच होतं. तो परत आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. मी प्रसूतिगृहाच्या जिन्यातच उभा होतो.

"एवढा वेळ?"

"माती कडक होती, दाजी."

"पावती?"

"एवढ्याशा लेकराची कसली पावती?" असं म्हणून तो नळाखाली हातपाय धुवायला गेला. बहिणीच्या खोलीत डोकावला आणि आत न जाता नुसती मान हलवली. हे मी पाहिलं. मग चहा न घेता एसटी स्टँडकडे चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सीट पुसायला फडकं हवं म्हणून मी डिकी उघडली. मीठ आत होतं. वाण्याने मारलेली गाठ तशीच होती.

मी आधी मीटर बघितला. पेट्रोल भरलं की मीटरचा आकडा लक्षात ठेवायची माझी सवय आहे, आणि पेट्रोल मी आदल्या सकाळीच भरलं होतं. स्मशानात जाऊन यायला पाच किलोमीटरसुद्धा लागत नाहीत. स्कूटर पन्नासाच्या आसपास पळाली होती. मडगार्डला राखाडी चिखल सुकून बसला होता. आमच्या भागात तसला चिखल नाही.

मग मी स्मशानात गेलो. तिथला माणूस लाकडं रचत होता.

"काल दुपारी कोणी लहान मूल घेऊन आलं होतं का?"

"काल दोन आले. दोघं पण म्हातारे."

"नीट आठवा. पंचा बांधलेला माणूस, स्कूटरवर."

"साहेब, लहान असतं तर खड्डा मीच काढला असता ना? खोटं बोलून मला काय मिळणार?"

मी मागच्या कुंपणाशी जाऊन बघितलं. ताजी माती कुठेच नव्हती. गवतात दोन कुत्री झोपली होती.

घरी आल्यावर आईला सांगायला नको होतं, पण तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. ती म्हणाली, "त्या माणसांचं काही सांगता येत नाही. लहान मुलांचं काय काय करतात लोक, ऐकलंय मी." मी तिला गप्प बस म्हटलं. पण गोदामात रांगेने उभे कंटेनर तपासतानाही ते वाक्य मनातून जाईना. मेहुण्याने बाळ खाडीत सोडलं असेल का? वाटेत कोणाला दिलं असेल का? दिलं तर कोणाला, आणि कशासाठी?

बायको प्रसूतिगृहातून सरळ माहेरी गेली होती. मी रोज फोन करायचो. दूध थांबायच्या गोळ्या घेतल्या तरी छाती दुखते, रात्री झोप येत नाही, हे सगळं ती सांगायची. एक गोष्ट मात्र तिने कधीच विचारली नाही. बाजारातून आलो तर कोथिंबीर कोणत्या बाईकडून घेतली इथपर्यंत विचारणारी बाई, आणि आपलं मूल कुठे ठेवलं हे तिने एकदाही विचारलं नाही. न विचारण्याची कारणं दोनच असू शकतात. एक तर तिला ऐकवणार नव्हतं, नाहीतर तिला ते माहीत होतं.

दुसरं कारण मला जास्त बोचत होतं. मुलगी कुठे आहे हे माहीत नसणं एक वेळ सोसता आलं असतं. माझ्या घरातल्या माणसाला ते माहीत आहे आणि ती मला सांगत नाही, हे सोसवेना. फोनवर विचारायचा विचार केला, पण ओल्या बाळंतिणीला काय विचारणार? आणि फोनवर माणूस नुसतं नाही म्हणू शकतो. मी मिठाची पिशवी कपाटात, माझ्या शर्टांच्या मागे ठेवून दिली.

संक्रांत झाल्यावर मेहुणा तिला पोचवायला आला. सोबत सुकट, सोडे, सुक्या बोंबलांची जुडी. बायको वाळली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी चहा होऊ दिला. मग पिशवी आणून मेहुण्यासमोर टीपॉयवर ठेवली.

"ह्ये काय, दाजी?"

"तुम्हीच सांगा."

त्याने बहिणीकडे बघितलं. तिने पिशवीकडे.

"मीठ हाय. पण सुकटीला आमी लावूनच आणलंय."

"हे डिकीत होतं. गाठसुद्धा सोडलेली नाही. आणि स्कूटर पन्नास किलोमीटर पळाली आहे."

"मीटर पण बघितलात?"

"बघितला. स्मशानातही जाऊन आलो. तुम्ही तिथे गेलाच नव्हता."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "विचार त्याला नीट, घाबरतोस काय!"

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. "बाय, सांगू का तू सांगतेस? आता ह्ये लोक मला चोर समजायला लागले."

"मीच सांगते, दादा," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "पाचव्या महिन्यात आपण रिक्षाने त्या स्मशानावरून जात होतो. मागच्या कुंपणाशी कुत्री उकरत होती. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही रिक्षावाल्याचा मीटर बघत होता. मी तेव्हाच मनात म्हटलं, इथे माझं कोणी नको. त्या दिवशी दादा आत भेटायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तिला घरी ने."

"घरी म्हणजे?"

"आमच्या मिठागराच्या बांधावर. आमच्या पाड्यातली बारकी लेकरं सगळी तिथेच आहेत. माझे दोन भाऊ आहेत तिथे, माझ्या आधीचे. आई आम्हाला घेऊन जायची."

माझ्या तोंडून आलं, "पण त्याला परवानगी?"

"बघितलंस?" ती भावाला म्हणाली. "हेच." मग मला म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परवानग्या काढत बसला असता, आणि तोवर ती प्रसूतिगृहाच्या टेबलावर राहिली असती."

"आणि मीठ?"

आता मेहुण्याला हसू आवरेना. "दाजी, तिथली मातीच मीठ हाय. चाखून बघा पायजे तर. त्याच्यात तुमचं दोन किलो घालून काय होणार व्हतं?"

मी म्हटलं, "मला जागा दाखवा."

"इश्वास नाय?"

"नाही."

आई म्हणाली, "बापाने जायचं नसतं."

"मातीला जायचं नसतं ना, आई?" बायको म्हणाली. "माती झाली. आता बघायला जायला काय?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. मिठाची पिशवी मी डिकीत टाकली होती. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पुरावा म्हणून असेल. मेहुणा गावच्या नाक्यावर थांबला होता. स्कूटर डांबरी रस्त्यालाच लावली आणि पुढे बांधावरून चाललो. एका बाजूला मिठागराच्या वाफ्यांत पाणी आटत आलं होतं, कडांना पांढरं धरलेलं. दुसऱ्या बाजूला तिवरं, आणि त्यांच्या मुळांत राखाडी चिखल. मडगार्डवरचा तोच.

बायको भराभरा पुढे गेली. मेहुण्याच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो मागे राहिला आणि मी त्याच्याबरोबर. बांध वळतो तिथे लहान लहान दगड रोवलेले दिसू लागले. कोणावर काही लिहिलेलं नव्हतं. माझा प्रश्न तयारच होता. इतक्या दगडांत आमचा हाच, हे कशावरून? तो कुठलाही दाखवेल.

मी खालच्या आवाजात विचारलं, "कोणता?"

चपलेवरची नजर न हटवता तो म्हणाला, "वळणावर वाकडं तिवर हाय ना, त्याच्याकडून तिसरा. पहिले दोन आमचे भाऊ."

मी वळणाकडे बघितलं. वाकडं तिवर होतं. बायकोपर्यंत आमचा आवाज पोचणं शक्य नव्हतं. ती पहिल्या दोन दगडांना हात लावून पुढे सरकली आणि तिसऱ्यापाशी खाली बसली.

जुळलं. दोघांनी आधी ठरवलं असेल, असंही एकदा मनात आलं. पण दगडावर सुकलेल्या अबोलीच्या वेण्या एकावर एक पडलेल्या होत्या, सगळ्यात खालची पार काळी पडलेली. माहेरी असताना ती इथे किती वेळा येऊन गेली असेल हे त्यांवरून दिसत होतं. एवढं कोणी माझ्यासाठी मांडून ठेवणार नव्हतं.

मी परत रस्त्यावर गेलो आणि पिशवी घेऊन आलो. मेहुणा बघतच राहिला.

"अवो दाजी, मिठागरावर मीठ घेऊन आलात? गावात सांगितलं तर लोक मला येडा म्हनतील!"

बायको हसली. कार्तिकानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना.

वाण्याची गाठ घट्ट होती. दातांनी सोडवावी लागली. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत, टोपडं नाही की दुपटं नाही. त्यामुळे मुलीसाठी म्हणून मी बाजारातून आणलेली वस्तू ही एवढीच होती. मी ते सगळं दगडाभोवती ओतलं. बांधावरचं पांढरं आणि आमचं, वेगळं काढता येईना.

मेहुणा पुढे आला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी ते मातीत दाबू लागला. मीही दाबलं.

"पिशवी इथे टाकू नका," बायको म्हणाली. "वाऱ्याने वाफ्यात जाईल."

मी पिशवी झटकली, घडी घातली आणि खिशात ठेवली.