दादाच्या तोंडावरच्या रेघा

"ए म्हाताऱ्या, घोंगडं काड. चपलांत ठेव. तुझ्या लोकरीनं मशीन बिघडलंय."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. सगळ्यांसमोर बोलला. बोलणारा दादा. माझ्या नातवाच्या वयाचा. पर मोठ्या जमीनदाराचा, पुढाऱ्याचा पोरगा, म्हणून मीबी त्याला दादाच म्हणायचो. फ्लेक्स छापायचं दुकान त्याचं, युसूफ वडगावच्या रस्त्याला. मी तिथं झाडलोट करायचो, पाणी भरायचो. मेंढरं इकली तवापासून. गुडघे गेले, चराईची रानंबी गेली. दुसरं काय करावं.

घोंगडं म्हंजे काय, ते आमा धनगरांना इचारा. देव त्याच्यावर बसवतेत. पंचात वाद पडला तर त्याच्यावर हात ठेवून बोलतेत. त्याच्यापाशी चपला नेत न्हाईत.

झालं असं. दादाचा वाढदिवस आलता. चौकात लावायचा फ्लेक्स कॉम्प्युटरवर बनत होता. पडद्यावर दादाचं तोंड, गॉगल घातलेलं. सकाळी मशीन लावलं की तोंड ब्येस दिसायचं. दुपारकडं मशीन तापलं की तोंडावर उभ्या रेघा यायच्या, हिरव्या, जांभळ्या. मग निम्मं तोंड एकीकडं, निम्मं दुसरीकडं. मग पडदा काळा. बंद करून लावलं की घटकाभर बरं. परत तेच.

एक गिऱ्हाईक हासलं. दादाला ते लागलं. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"लोकरीत करंट असतो," म्हणाला. "अंधारात घोंगडं झटकलं की ठिणग्या उडतेत का न्हाई? बोल की."

उडतेत. थंडीत उडतेत. ते काय खोटं न्हाई. मी दुसरीपातूर शाळेत गेलतो. मशीनचं मला काय कळतंय? वाटलं, असंल बाबा. शिकलेला हाय.

घोंगडं काढलं. उंबऱ्याबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी ठेवलं. येणारे-जाणारे त्याच्यावर पाय पुसू लागले. एकानं इचारलं, "दादा, पायपुसणं नवं आणलं का?" दादा हासला. मीबी हासल्यासारखं केलं. ते हासणं आजून तोंडात कडू लागतं.

घरी बायकोनं घोंगडं हातात घेतलं, बघितलं. "कुठं टाकलतं हे?"

"गप बस."

तिनं घोंगडं दगडावर आपटून आपटून धुतलं. मी सकाळी परत नेऊन चपलांतच ठेवलं.

घोंगडं बाहेर गेलं, रेघा काय गेल्या न्हाईत. तर दादा म्हणतो, "करंट अंगात मुरलाय म्हाताऱ्याच्या. तू आत येऊच नको. दारातनं झाडत जा." दारातनं कसं झाडावं माणसानं? तरी झाडलं. वाकून, हात लांबवून.

शेवटी अंबाजोगाईहून मिस्त्री बोलावला. जाडजूड माणूस, सारखा खोकायचा. दारात मला बघून "सलाम चाचा" म्हणाला. दादानं त्याला सांगितलं, "ह्याच्या घोंगड्यानं झालंय."

मिस्त्रीनं दुसरा पडदा आणून जोडला. रेघा. वायर बदलली. रेघा. मग खाली ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली एक पट्टी उपसली आन वायर दुसऱ्या भोकात लावली. दादाचं तोंड साफ. पट्टी परत बसवली, मशीन तापू दिलं. रेघा.

"पडदा चांगला हाय," म्हणाला. "ही पट्टी म्हंजे ग्राफिक कार्ड, ते गेलंय. चित्र हेच बनवतं. ह्याचा पंखाच फिरत न्हाई, तापून तापून मेलं."

पंख्यात चिमटा घातला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या, कुंकवाच्या लगद्यात चिकटलेल्या.

खंडेनवमीला मशीनची पूजा झालती. दादानं सोत्ता डब्याचं झाकण काढून आत कुंकू वाहिलतं, फुलं दाबून बसवलती. मी तवा बाहेर उभा होतो.

"चाचा, आपकी घोंगडी तो बेकसूर निकली," मिस्त्री हासून म्हणाला.

मी दादाकडं बघितलं. वाटलं, एक शब्द बोलंल. जास्ती न्हाई, एक.

"नवं कार्ड टाका," दादा मिस्त्रीला म्हणाला. मग मला, "आन तू घोंगडं तिथंच ठेवत जा. वास मारतो. गिऱ्हाइकांला चालत न्हाई."

झेंडूला कुणी काय बोललं न्हाई. कुंकवाला न्हाई. करंट नव्हता तर वास निघाला. वास नसता तर आणखी काय निघालं असतं. मशीनला त्या मिस्त्रीनं एक एक करून तपासलं. पडद्याला संशयाचा फायदा दिला, वायरीला दिला. मला कुणी तपासलं न्हाई. मला नुसतं बघितलं.

बाहेर गेलो. घोंगडं उचललं. लोकांच्या पायाची माती त्याच्याच दारात झटकली. खांद्यावर टाकलं आन आत येऊन मधोमध उभा राहिलो.

"बाहेर हो बे!"

"न्हाई होत."

"कावून?"

"चूक तुझी होती. गिऱ्हाइकांसमोर मला बोललास, आता गिऱ्हाइकांसमोरच म्हण, म्हाताऱ्याचा दोष नव्हता."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. जीभ झडली न्हाई.

"उद्यापासून कामावर येऊ नको," म्हणाला.

कामावर न्हाई गेलो. पर रोज जातो. त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं बसतो. थांबलेल्या माणसानं इचारलं की सगळं सांगतो. रेघा, पंखा, पाकळ्या, सगळं. काही हासतेत. काही चहा देतेत. त्याचा बाप गाडीतनं आलता, "बाबा, घरी जा, मिटवून टाकू" म्हणाला. मी म्हणालो, "तुमी कावून मिटवता? पोराला पाठवा."

दमलोय. उन्हात डोळं चुरचुरतेत, उठताना गुडघा कटकन वाजतो. बायको म्हणती, सोडा आता, कुणाला काय फरक पडतोय. मला पडतोय. पोरगा रस्ता वलांडून येईल, चार माणसांत म्हणंल, तवाच मी उठीन. तवर न्हाई.