रांजणातले भुकेले दगड

अच्युत गेल्याचं त्याच्या भावानं तळेगावाहून येऊन सांगितलं, तेव्हा मी रांजणातल्या दगडांना मिठाचं पाणी पाजत होतो. हसा खुशाल! ज्या शाळामास्तर अच्युतनं हा उद्योग माझ्या मागे लावला, तोही पोट धरून हसायचा. महिना उलटला, तरी त्याच्याविषयी रडवेलं लिहायला हात धजत नाही... त्याची आठवण आली की आधी त्याची धांदलच डोळ्यांपुढे येते.

लोणावळ्याहून कार्ल्याकडे जाताना माझा मुलाम्याचा कारखाना आहे. टांग्यांचे, मोटारींचे दिवे, हॉटेलांची भांडी यांवर विजेनं तांबं चढवायचं आणि त्याचं निळं धुवण ओढ्यात सोडून द्यायचं, असा शिरस्ता. एका वर्षी पावसानं ओढ दिली. खालच्या अंगाला शेती करणाऱ्या सोनाबाईनं ओढ्याचं पाणी भाताच्या रोपाला घातलं आणि रोप पिवळं पडलं. ती तडक कारखान्यात आली.

"भाऊ, तुमचं निळं पानी माजं रोप खातंय. आर्धं गेलं. उरल्यालं बी गेलं तर लावू काय? पानी निवळ सोडा, न्हाईतर म्या हितनं उठायची न्हाई."

आणि खरंच दारात बसली! कारखाना थांबवावा तर कामगारांच्या चुली विझणार, चालवावा तर हिची. अच्युत नेमका चहाला आला होता. त्यानं सगळं ऐकलं, कप तसाच ठेवला आणि पळाला. परतला तो टोपीत खडे भरून. आमच्याकडे कातळ फोडला की पोकळीत सापडतात ना, तसले पांढरे, चमचमते.

"बापू, बॉयलरच्या पाण्यातला चुना काढायला असलेच दगड वापरतात. चुना धरतात, तर तांबं का नाही धरणार?"

खडे कुटले, रांजणाच्या बुडाशी तोटी बसवली, चुरा भरला, वरून निळं धुवण ओतलं. खालून आलं ते नितळ! अच्युतनं वाटीभर पाण्यात अमोनियाचे थेंब टाकले. तांबं असतं तर पाणी गडद निळं झालं असतं. झालं नाही. "पास!" तो निकाल वाचल्यासारखा ओरडला. सोनाबाई तोंडाला पदर लावून हसली.

दोन दिवसांनी पाणी पुन्हा निळं! मी तोटी बंद केली, हा मात्र आनंदानं उडालाच. "अरे, पोट भरलंय त्यांचं! मीठ आण, मीठ!" मिठाच्या पाण्यानं दगडांनी खाल्लेलं तांबं बाहेर आलं. ते पाणी आम्ही वेगळ्या घागरीत धरलं आणि त्यात जुने खिळे टाकले, तर खिळ्यांवर तांबं चढलं! दगड पुन्हा भुकेले झाले. सोनाबाईचं उरलेलं रोप तगलं. तेव्हापासून वाटीची परीक्षा तिच्या देखतच व्हायची, आणि अच्युत "पास" म्हणाल्याशिवाय ती हलायची नाही.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मीच वाटीत थेंब टाकले. पाणी नितळच राहिलं. मी तोटीला हात घातला, तोच दारातून सोनाबाई म्हणाली, "भाऊ, आदी पास म्हना की. मास्तर म्हनायचे."

"पास," मी पुटपुटलो. ती तशीच उभी... पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. मग तिनं मान हलवली आणि मी पाणी सोडलं.